पानातली शिवनाथ

काकाजी कागद वाचत नसत, बघत असत. प्रिंटरमधून पान बाहेर आलं की ते आधी उलटं धरायचं, म्हणजे डोकं खाली आणि पाय वर. मग हात लांब करून खिडकीच्या उजेडात न्यायचं आणि डोळे अर्धवट मिटून उभं राहायचं. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणसाला चष्म्याचा नंबर बदलायचाय आणि घरी सांगायची लाज वाटतेय. मी नोकरीत नवीन होते, तरी न राहवून म्हटलं, "काकाजी, पान उलटं आहे."

"मले मालूम हाये," ते म्हणाले. "सुलटं धरलं तं वाचायचा मोह होते. वाचू नको, पोरी. पाह्य."

मी पाहिलं. काळ्या अक्षरांचा एक चौकोन होता, बस.

"दिसून राहिली?"

"काय?"

"शिवनाथ."

मग त्यांनी करंगळीनं दाखवली. ओळीच्या दोन्ही कडा सरळ याव्यात म्हणून मशीन शब्दांच्या मधे जादा जागा भरत असे. एका ओळीतली रिकामी जागा खालच्या ओळीतल्या रिकाम्या जागेवर आली, तिच्या खाली आणखी एक आली, की पानाच्या वरच्या टोकापासून खालपर्यंत एक पांढरी, वाकडी वाट तयार होई. एकदा दिसली की मग दुसरं काही दिसेच ना. रुंद असली तर ती शिवनाथ. बारीक असली तर खारून. कोपऱ्यातून निघून मधेच गडप झाली तर तांदुला. दिवसभर आमच्याकडे या, आमच्याच भागातल्या नद्यांचं बोलणं चाले. "बावीसच्या पानात खारून आली," असं कोणी म्हटलं की बाहेरून आलेला माणूस दचकायचा.

आमचं ऑफिस भिलाईच्या सुपेल्यात होतं, टायरच्या दुकानावर. खाली दिवसभर ट्यूब तपासायची पाण्याची कोठी, हवा भरायचा आवाज आणि ट्रकवाल्यांच्या हाका, वर आम्ही. कंपनी लहान होती. भिलाई-रायपूर रस्त्यावरच्या छोट्या कारखान्यांना हजेरीचे, स्टोअरचे, माल पाठवायचे प्रोग्राम करून द्यायची. तेव्हाचा कॉम्प्युटर म्हणजे काळा पडदा आणि हिरवी अक्षरं. चित्र नाही, बटणं नाहीत. एक कमांड टाइप करायची, एंटर मारायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. कुठली कमांड कशी टाइप करायची याच्या पुस्तिका आम्ही करत होतो. आम्ही म्हणजे काकाजी, आणि त्यांच्या हाताखाली मी.

त्यांचे वडील रेल्वेत गार्ड होते, नागपूर-दुर्ग लाइनवर. काकाजींचं बालपण रेल्वे क्वार्टरांत गेलं आणि तरुणपण नागपूरच्या एका छापखान्यात. काकूंना भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये क्लार्कची नोकरी लागली, सेक्टर दोनमध्ये क्वार्टर मिळालं, आणि काकाजी छापखाना सोडून त्यांच्या मागून भिलाईला आले. "क्वार्टर बायकोच्या नावावर हाये. मी पाव्हणा," असं ते कोणालाही सांगत. त्यात त्यांना काडीचीही लाज नव्हती. आमच्या डायरेक्टर साहेबांना पुस्तिका देखण्या करणारा माणूस हवा होता. काकाजींना कॉम्प्युटर येत नव्हता, पण पान येत होतं.

मशीनशी बोलायची पद्धत त्यांनी अशी उचलली की प्रोग्राम लिहिणारी पोरंही गप्प व्हायची. मजकूर लिहिताना मधे मधे एका ओळीच्या सुरुवातीला टिंब द्यायचं आणि पुढे दोन अक्षरांची खूण. ती खूण कागदावर छापली जात नसे. मशीन ती ऐकून वागत असे. इथे ठळक कर, इथे तिरपं कर, इथे परिच्छेद तोड. नाटकात विंगेतून बोलणाऱ्या माणसासारखं. काकाजी या टिंबांवर फार जीव टाकत. "छापखान्यात आम्ही अक्षरांचे खिळे जुळवत होतो, तं हात काळे होत. आता नुसतं टिंब द्या," म्हणायचे, आणि सवयीनं हात धुवायला जायचे.

पुस्तिकेतल्या अक्षरांचे नियम त्यांनी मला पहिल्याच दिवशी शिकवले. ठळक छापलेलं असेल ते जसंच्या तसं टाइप करायचं. तिरपं असेल तिथे तो शब्द नाही, त्याच्या जागी आपला शब्द घालायचा. तिरप्या अक्षरांत 'नाव' लिहिलं असेल तर तिथे स्वतःचं नाव. आणि चौकोनी कंसात असेल ते नसलं तरी चालतं. झालं. सगळी विद्या एवढीच. पण काकाजींनी ती पुस्तिकेपुरती ठेवली नाही. काकू सकाळी बाजारात पाठवत, "दोडके आना जी." हे दारातून विचारत, "दोडके ठळक हाये का तिरपे?" तिरपे असले तर त्यांच्या जागी कुठलीही भाजी चालणार होती. काकू आतून ओरडत, "ठळक. आन कोथिंबीर कंसात." संसार करावा तर असा. माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "पोरी, हा मुलगा ठळक हाये ना?" मी हो म्हटलं. त्यानंतर त्यांनी त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही.

दुपारी ते झोपायचे. छपाईच्या कागदांचा गठ्ठा उशाला घेऊन, खुर्चीतच. वाळ्याचा ओला वास, कूलरची घरघर, खालून टायरवर पडणारे हातोडे, आणि या सगळ्याच्या मधोमध काकाजी, तोंड किंचित उघडं. पान वाईट असेल तर मान आखडते, असं त्यांचं म्हणणं होतं. जागे झाल्यावर ते काही वेळ कुठेतरी दुसरीकडेच असत. अशा वेळी फार गोड बोलायचे. एकदा म्हणाले, "लहानपणी बाबा डब्यात घेऊन जात. मी पुलावरून नदी पाहो. गाडी जाऊन राहिली, का नदी जाऊन राहिली, समजतच नाई. पानाचं तसंच हाये पाह्य." मला काही समजलं नाही, पण त्या दुपारी मी एकही ओळ टाइप केली नाही. आम्ही दोघं नुसते बसून होतो. असं ऑफिस मला पुन्हा मिळालं नाही.

प्रिंटरच्या कागदाला दोन्ही बाजूंना भोकांच्या पट्ट्या असत. त्या फाडून टाकायच्या. काकाजी टाकत नसत, गुंडाळून घरी नेत. काकूंच्या तुळशीला, दोडक्याच्या वेलाला, मेंदीच्या कुंपणाला सगळीकडे त्या भोकाभोकांच्या पट्ट्या बांधलेल्या दिसत. ते मेंदीचं कुंपण हा सेक्टर दोनमधला एक थट्टेचा विषय होता. काकाजी ते दोरी ताणून कापत. एक पान वर आलेलं चालायचं नाही.

कारण हाच त्यांचा खरा अभिमान होता: सरळ कड. डावी कड कोणाचीही सरळ येते, त्यात काय मोठं. उजवी यावी. आमच्या पुस्तिकेची उजवी कड भिंतीसारखी उभी असे. बाकी कंपन्यांच्या पुस्तिका आणून ते मला दाखवत. "हे पाह्य. जसे उंदरानं कुरतडले." डायरेक्टर साहेब गिऱ्हाइकापुढे आमची पुस्तिका उघडून ठेवत आणि काकाजी समोर असूनही दुसरीकडे बघत. आतून मात्र त्यांना गुदगुल्या होत. स्तुती कुणाला कडू लागते?

आता सरळ कड हवी म्हणजे जादा जागा आली, जादा जागा आली म्हणजे नदी आली. एकीकडून झाकलं की दुसरीकडून उघडं. मग काकाजी नदी आटवायला बसत. एखाद्या वाक्यात एक शब्द घालायचा, दुसऱ्यातला काढायचा, की ओळी सरकत आणि शिवनाथ फुटून तिचे थेंब व्हायचे. हजेरीच्या पुस्तिकेची नवी आवृत्ती निघाली तेव्हा एका पानावर अशीच मोठी नदी होती. मी शेजारीच बसले होते. त्यांनी एका वाक्यात एक साधा शब्द घातला, 'कृपया' अशा अर्थाचा. पान पुन्हा छापलं, उलटं धरलं, आणि खुदकन हसले. "आटली," म्हणाले. पुस्तिका झेरॉक्सला गेली. पानं पाठपोट छापून, बांधून, कारखान्यांत वाटली गेली.

उन्हाळा होता. एका सकाळी कुम्हारीहून फोन आला. तिथे एक रोलिंग मिल होती, आमचं जुनं गिऱ्हाईक. तिथल्या ऑपरेटरनं सबंध मिलची हजेरी पुसली होती. दर महिन्याला मशीनमध्ये जागा करायला सगळ्यांत जुना महिना पुसायचा असे. यानं सगळेच महिने पुसले. टेपवर उतरवलेली प्रत होती, पण ती दिवाळीच्या आधीची. मिलमधल्या माणसांचे पगार अडकले, मंडळी खवळली, आणि मालकानं फोनवरून हुकूम देऊन ऑपरेटरला खुर्चीवरून उठवून गेटाबाहेर बसवलं. संध्याकाळी रायपूरहून मालक येणार आणि त्याला कायमचा काढून टाकणार, असं ठरलं होतं. फक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी येऊन सांगायचं की चूक आमची नाही.

डायरेक्टर साहेबांनी काकाजींना बोलावलं. "आप जाइए. बोल देना, ऑपरेटर की गलती है. है भी." मग मागून म्हणाले, "मैं भी शाम तक पहुँचता हूँ. ये मिल गई तो बाकी भी सुनेंगे."

बसमध्ये काकाजी मजेत होते. पुस्तिका मांडीवर होती. "लोक वाचत नाई पोरी, मंग आपल्याले बोलवतात," म्हणाले. चरोद्यापर्यंत त्यांनी झोपही काढली.

मिलमध्ये पाऊल टाकलं की आधी खिळे दिसत. भिंतभर खिळे. तिथे कुठलीही वस्तू टेबलावर नसे, टांगलेली असे. कामाची कार्डं, किल्ल्या, हातमोजे, जेवणाचे डबे, सगळं खिळ्याला. खाली ठेवलं तर लोखंडाची भुकटी बसते, म्हणून जुनी रीत. काचेच्या खोलीत कॉम्प्युटर होता, तिथेही तेच. आमची पुस्तिका कुठे दिसेना. तिची पानं वेगळी करून, ज्याला लागेल ते पान प्लास्टिकच्या पाकिटात घालून, दोरीनं खिळ्याला टांगलेलं होतं. मशीनच्या वरच काकाजींचं ते पान होतं. उजवी कड भिंतीसारखी सरळ.

"पुस्तक फाडलं," काकाजी हळूच म्हणाले. त्यांना खरंच लागलं होतं.

ऑपरेटरचं नाव साहू. गेटाबाहेर स्टुलावर बसला होता, चाळिशीचा, शांत. डावा हात भट्टीवर भाजलेला, त्याची दोन बोटं मिटलेलीच राहायची. भट्टीचं काम होईना म्हणून त्याला नुकतंच या खुर्चीवर बसवलं होतं. ही खुर्ची गेली की त्याच्याजोगं दुसरं काम त्या मिलमध्ये नव्हतं, आणि बाहेर तर नव्हतंच. चौकीदार त्याला आत सोडेना. काकाजींनी चौकीदाराकडे असं पाहिलं, जसं एखाद्या चुकीच्या जागी आलेल्या टिंबाकडे बघत. तो बाजूला झाला.

"साहूजी, बैठिए. उस दिन जैसा किया, वैसा ही करके दिखाइए. बस, आखिर का बटन मत दबाना."

साहूनं हात शर्टाला पुसला आणि बसला. मिटल्या बोटांचा हात वर करून त्यानं प्लास्टिकवर अंगठा ठेवला, पहिल्या ठळक अक्षराखाली. उजव्या हाताच्या बोटानं ते अक्षर मशीनवर दाबलं. अंगठा पुढे सरकला. असं अक्षर अक्षर करत तो ओळीच्या शेवटपर्यंत गेला. ओळ पानाची शेवटची होती. अंगठा कडेपाशी थांबला. पुढे पान नव्हतं, भिंत होती.

"बस," तो म्हणाला. "इसके बाद एंटर मारा था."

काकाजींनी खिळ्यावरून पाकीट काढलं आणि पान उलटलं. मागच्या बाजूला, सगळ्यांत वर, एकटा एक शब्द होता, तिरपा, चौकोनी कंसात: महिना. तिथे महिन्याचं नाव घालायचं होतं. घातलं तर तेवढाच महिना पुसला जाई. नाही घातलं तरी मशीनला चालत असे. मग ते सगळेच महिने पुसून टाकत असे. एका 'कृपया'नं ओळी सरकल्या होत्या आणि शेवटचा शब्द पानावरून पलीकडे पडला होता. कमांडच्या ओळीला हात लावू नको, अख्खी एका ठिकाणी ठेव, असं सांगणारी टिंबाची खूण होती. काकाजींना ती पाठ होती. ती दिली की ओळ आखूड राहून उजवी कड मोडते, म्हणून त्यांनी दिली नव्हती.

मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी पान सुलटं धरलं, डोळ्यांजवळ आणलं, आणि वाचलं. ओठ हलत होते. एवढ्या दिवसांत मी काकाजींना वाचताना पहिल्यांदा बघितलं.

साहू खुर्चीत अर्धा वळून बसला होता. त्यानं विचारलं, "साहब, मैंने पढ़ा तो सही था न?"

"आपने सही पढ़ा," काकाजी म्हणाले. "मैंने नहीं पढ़ा."

मालक यायला अवकाश होता. मी म्हटलं, आपण चहा घेऊ. काकाजी रस्त्यावर येऊन रायपूरच्या बसमध्ये चढले. मीही मागोमाग चढले. थोडं पुढे खारूनचा पूल आला, तिथे ते उतरले आणि कठड्याला टेकून उभे राहिले. नदीत पाणी थोडंच होतं. वाळूचे पट्टे, मधे एक चकाकती धार, कडेला काकडीचे वेल लावलेले, कुणीतरी म्हशी धूत होतं. उन्हानं सगळं पांढरं आणि मऊ झालं होतं. ट्रक गेला की पूल थरथरायचा, आणि नदी हलल्यासारखी वाटायची.

ते म्हणाले, "पाह्य पोरी. हिची एक तरी कड सरळ हाये का?"

मी नाही म्हटलं.

"मंग मले काहून पाहिजे होती?"

त्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. मला त्यांची फार माया वाटली. म्हटलं, "काकाजी, चुकून झालं. प्रोग्राम करणाऱ्यांनीही विचारायला हवं होतं, सगळं पुसू का म्हणून. आणि त्यांनी तरी पान फाडून कशाला टांगायचं?"

"हो, हे सांगता येते," ते म्हणाले. "तिथं बसून हे सगळं सांगता येते. बरोबरच हाये ते." मग पुन्हा नदीकडे बघत राहिले. "पन त्यानं अंगठा कसा धरला होता, पाहिलं ना तू? माह्या पानावर इतकं इमान कोनी ठेवलं नव्हतं."

संध्याकाळी मालकाच्या केबिनमध्ये आम्ही बसलो. बाहेर आकाश तांबूस झालेलं, मिलच्या चिमणीचं की सूर्याचं ते कळत नव्हतं. डायरेक्टर साहेब आले होते. साहू दाराशी उभा होता. त्याला बसायला कुणी सांगितलं नव्हतं. मालकानं एवढंच विचारलं, "हाँ जी, किसकी गलती है?"

डायरेक्टर साहेबांनी घसा साफ केला. त्यांच्या आधी काकाजी बोलले. "किताब की गलती है. किताब मेरी है." आणि पाकिटातलं पान टेबलावर ठेवून, साहूसारखाच अंगठा लावून, त्यांनी मालकाला ती ओळ वाचायला लावली. मालक शिकलेला होता. त्यानंही कडेपाशी येऊन थांबून विचारलं, "फिर?" काकाजींनी पान उलटलं.

मालकानं मागचा शब्द वाचला. मग साहूला म्हणाला, "कल से आ जाना."

परतताना डायरेक्टर साहेबांनी आम्हाला गाडीत घेतलं नाही. पावसाळा सरेपर्यंत ते काकाजींशी बोलले नाहीत. मिल आमच्या हातातून गेली नाही, पण पुस्तिका आता गिऱ्हाइकापुढे उघडून ठेवण्याचं बंद झालं. काकाजींच्या हाताखालची मी आता त्यांच्या बरोबरीची झाले, असं एका सकाळी सांगण्यात आलं. काकाजी म्हणाले, "बरं झालं. आता तू वाचजो."

त्यांनी सगळ्या पुस्तिका पुन्हा केल्या. मशीनला टिंबाची एकच खूण दिली, आणि सगळ्या पानांची उजवी कड सुटली. प्रत्येक कमांड तिच्या स्वतःच्या ओळीवर, वर-खाली मोकळी जागा. एकाच बाजूला छपाई. सुपेल्यात शिक्के करणाऱ्याकडून त्यांनी एक रबरी शिक्का करून आणला, 'यहीं समाप्त', आणि प्रत्येक पानाच्या तळाशी तो स्वतः मारला, आधी जोरात, मग हलके फुंकर घालत. त्या दिवशी खिडकीशी उभं राहून त्यांनी एक पान उलटं धरलं.

"दिसून राहिली?" मी विचारलं.

"नाई," ते म्हणाले. "नद्या गेल्या." आणि मग किती तरी वेळ ते पान हातात घेऊन बसून होते. चूक सुधारली म्हणून माणूस सुखी होतोच असं नाही. त्यांना त्या नद्या आवडत होत्या, हे मला तेव्हा कळलं.

शनिवारी साहू यायचा. काकाजींनी मालकाला सांगून हे ठरवून घेतलं होतं. नवं पान झालं की ते आधी साहूला द्यायचं, त्यानं अंगठा लावून टाइप करायचं, आणि तो अडखळेल तिथे काकाजींनी टिंब बदलायचं. साहू कुम्हारीहून बसनं येई, कधी बोरं आणी, कधी घरच्या कोहळ्याच्या वड्या. दोघांचं बोलणं फारसं होत नसे. एक टाइप करी, दुसरा त्याच्या अंगठ्याकडे बघत बसे. आणि पानाच्या शेवटी, शिक्क्यापाशी आलं की साहू थांबे, एंटरवर बोट नेई, आणि दाबायच्या आधी पान उलटून मागे बघे. दर पानाला. मागे काही नसणार हे त्याला ठाऊक होतं. काकाजी दर वेळी मान खाली घालत. एकदा त्यांना राहवलं नाही. "साहूजी, पीछे कोरा है. मैंने ठप्पा मारा है न."

"देखे म का जाथे, साहब," साहू त्याच्या छत्तीसगढीत म्हणाला, म्हणजे बघायला काय जातं. त्याच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. म्हणूनच काकाजींना ते जास्त लागत असावं.

काकूंची नोकरी संपली तेव्हा क्वार्टर सोडायची वेळ आली. पाहुण्याचा मुक्काम हलला. सेक्टर दोनमधल्या मेंदीच्या कुंपणाला त्या वर्षी दोरी लागली नव्हती. ते हवं तसं वाढलं होतं आणि मधे मधे चक्क सुंदर दिसत होतं. नागपूरला जायच्या आधी आम्ही ऑफिसात छोटासा निरोप समारंभ केला. समोसे, चहा, झेंडूचा हार. डायरेक्टर साहेब आता पुन्हा बोलत होते, ते दोन शब्द बोलले. मग साहू उठला.

त्यानं मुलीकडून एक कागद लिहून आणला होता. अंगठा लावून त्यानं वाचायला सुरुवात केली. साहेबांनी माझी रोटी वाचवली, असं त्यात होतं. साहेब पान फार चांगलं करतात, असं होतं. नागपूरला तब्येत सांभाळा, असं होतं. शेवटची ओळ वाचून अंगठा थांबला. आणि साहूनं कागद उलटून मागे पाहिलं.

सगळे हसले. साहूही थोडा ओशाळून हसला आणि तसाच उभा राहिला, आता काय करावं ते न कळून. काकाजी हसले नाहीत. ते गळ्यातला हार तसाच ठेवून उठले, साहूपाशी गेले, आणि त्याच्या हातातून कागद घेतला. मला वाटलं, खिडकीशी नेतील, उलटा धरतील. त्यांनी तो सुलटा धरला, जवळ आणला, अंगठा पहिल्या अक्षराखाली ठेवला आणि वाचला. सगळा. ओठ हलवत, एक एक शब्द. चहा निवत होता. शेवटचा शब्द झाल्यावर त्यांनी कागद उलटला आणि मागची कोरी बाजू नीट पाहून घेतली.

"कुछ नहीं है, साहूजी," ते म्हणाले. "मैंने भी देख लिया. अब बैठ जाओ."

साहू बसला.